बिघडलेल्या संगीत-फाइली बॅकअपमधून एकगठ्ठा परत आणणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अशा संग्रहांसाठी लिहिले आहे, ज्यांत कॅसेटवरून किंवा स्पूलवरून संगणकावर आणलेल्या मैफली, जुन्या तबकड्यांवरची नाट्यपदे आणि सीडींवरून उतरवलेली गाणी एकत्र ठेवलेली आहेत. दहा-वीस फाइली बिघडल्या तर एकेक ऐकून, एकेक शोधून काम भागते. पाच-दहा हजार फाइलींमधल्या नेमक्या कोणत्या बिघडल्या हेच माहीत नसेल, तर मात्र पद्धत लागते आणि त्याहून अधिक संयम लागतो.

काही फाइली वाजत नाहीत, हे आत्ताच लक्षात आले. सर्वांत आधी काय करावे?

सर्व लिखाण थांबवावे. आपोआप चालणारा बॅकअप, क्लाउडशी होणारे सिंक आणि टॅग (फाइलीतच लिहिलेली गाण्याची माहिती) भरण्याचे सॉफ्टवेअर बंद करावे. कारण सिंकला फाइल बदलली एवढेच समजते, ती सुधारली की बिघडली हे समजत नाही, आणि पुढच्याच फेरीत ते बिघडलेली प्रत चांगल्या प्रतीच्या जागी नेऊन ठेवते. जुन्या आवृत्त्या ठरावीक दिवसांनी पुसणारा बॅकअप असेल, तर ते पुसणेही ताबडतोब थांबवावे. बॅकअपची डिस्क जोडायची झाल्यास ती केवळ वाचनासाठी जोडावी. हे झाल्यावर घाई करण्याचे कारण उरत नाही.

सगळा बॅकअप सरळ सध्याच्या संग्रहावर उतरवला तर काय बिघडते?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि अनेकांनी तो विचारण्याआधीच तसे करून टाकलेले असते. बॅकअप घेतल्यानंतर संग्रहावर जे काम झाले, ते सर्व यात नाहीसे होते. मैफलींच्या संग्रहात हे काम म्हणजे मुख्यतः टॅग : राग, ताल, बंदिशीचे बोल, मैफलीचे ठिकाण, तबल्यावर आणि पेटीवर कोण होते याची माहिती. ती कुठल्याही तयार माहितीसाठ्यातून मिळत नाही. ती कोणा जाणत्या श्रोत्याला फाइल ऐकवून, त्यांच्या आठवणीतून काढलेली असते, आणि ते आज हयात असतीलच असे नाही.

दुसरे असे की, बॅकअपमधल्याही काही फाइली बिघडलेल्या असू शकतात. संग्रहातील तीनशे फाइली आणि बॅकअपमधील वेगळ्याच चाळीस फाइली खराब असल्या, तर सरसकट उतरवल्याने तीनशे दुरुस्त होतील खऱ्या, पण चांगल्या असलेल्या चाळीस हातच्या जातील. म्हणून नियम असा की, जी फाइल बिघडलेली आहे हे सिद्ध झाले आहे तेवढीच बदलावी, आणि जी प्रत चांगली आहे हे सिद्ध झाले आहे तीच त्या जागी आणावी. पुढची सर्व उत्तरे या एका नियमाचा तपशील आहेत.

बिघाडाचे कारण आधी शोधणे आवश्यक आहे का?

होय. सदोष मेमरी, सैल केबल किंवा मरणपंथाला लागलेली डिस्क तशीच ठेवून फाइली परत आणल्या, तर परत आणलेल्या फाइलीही त्याच वाटेने जातात. डिस्कच्या स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या प्रकृतीबद्दल ठेवते त्या) पाहाव्यात : बदली सेक्टरांची (खराब भागांऐवजी वापरात घेतलेल्या भागांची) संख्या वाढत असेल तर दोष डिस्कचा आहे, आणि केबलमुळे झालेल्या चुकांचा आकडा वाढत असेल तर केबल बदलून पाहावी. मेमरीची चाचणी रात्रभर चालू ठेवावी.

बिघडलेल्या फाइलींची वाटणीही कारण सांगते. निरनिराळ्या फोल्डरांत विखुरलेल्या मोजक्या फाइली खराब असतील तर डिस्क किंवा मेमरीचा संशय घ्यावा. एकाच दिवशी, एकाच तासात बदललेल्या शेकडो फाइली खराब असतील तर तो बहुधा टॅग भरणाऱ्या सॉफ्टवेअरचा किंवा त्याच वेळी गेलेल्या विजेचा परिणाम असतो. टॅगसाठी फाइलीत राखून ठेवलेली मोकळी जागा अपुरी पडली की सॉफ्टवेअरला संपूर्ण फाइल नव्याने लिहावी लागते, आणि त्या क्षणी काम अर्धवट तुटले तर नुसता टॅग नव्हे, गाणेच अर्धे राहते. मी स्वतः एका संध्याकाळी दोन हजार फाइलींना एकदम चित्रे जोडायला घेतली आणि मध्येच वीज गेली. तेव्हापासून मोठे टॅगकाम मी बॅटरी असलेल्या संगणकावरच करतो आणि त्यापूर्वी न चुकता प्रत घेतो.

हजारो फाइली न ऐकता, नेमक्या कोणत्या बिघडल्या आहेत हे कसे कळेल?

ते फाइलीच्या प्रकारावर अवलंबून आहे, आणि या बाबतीत सर्व प्रकार सारखे नाहीत.

फ्लॅक हा ध्वनी न गमावता आवळणारा प्रकार संग्राहकाला सर्वाधिक साथ देतो. प्रत्येक फ्लॅक फाइलीच्या आरंभी मूळ, न आवळलेल्या ध्वनीचा एमडी५ चेकसम (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) लिहिलेला असतो, आणि आतल्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे ध्वनीच्या छोट्या तुकड्याला, सीआरसी हा स्वतःचा छोटा चेकसमही असतो. फ्लॅकसोबत येणाऱ्या साधनात चाचणीचा पर्याय आहे. तो फाइल पूर्ण उलगडून पाहतो आणि चेकसम जुळतो की नाही ते सांगतो. संपूर्ण संग्रहावर ही चाचणी एका आज्ञेत लावता येते व नापास झालेल्यांची यादी फाइलीत उतरवता येते. क्वचित काही फाइलींत हा चेकसम भरलेलाच नसतो. अशा फाइलींना पास न समजता त्यांची यादी वेगळी ठेवावी.

एमपी३मध्ये अशी सोय फार तुटपुंजी आहे. फ्रेमचा सीआरसी ऐच्छिक असतो आणि बहुतेक फाइलींत तो नसतोच. तरीही फ्रेमांची साखळी तुटली आहे का, फाइल मध्येच संपली आहे का, हे एमपी३व्हॅलसारखी साधने ओळखतात. एफएफएमपेग या ध्वनिफाइली हाताळणाऱ्या साधनाकडून फाइल शेवटपर्यंत उलगडून घेऊन केवळ चुकांची नोंद ठेवली तरी बरेच कळते. ४४.१ किलोहर्ट्झच्या एमपी३ फाइलीत एक फ्रेम सुमारे २६ मिलिसेकंदांची असते. त्यामुळे एखादी फ्रेम गेली तर क्षणभर चिर्र आवाज येतो आणि गाणे पुढे चालू राहते. नुसते ऐकताना हे सहज निसटते.

एम४ए फाइलीचे दुखणे याच्या उलट असते. तिच्यातील अनुक्रमणिकेचा भाग नष्ट झाला तर ध्वनी शाबूत असूनही फाइल मुळीच वाजत नाही. असा बिघाड शोधावा लागत नाही, तो आपण होऊन समोर येतो.

सर्वांत अवघड आहे ती वेव्ह फाइल. तिच्यात ध्वनी तपासण्याची कुठलीच खूण नसते. आतले चार मेगाबाइट पुसले जाऊन तिथे शून्ये आली तरी फाइल उघडते, लांबी तीच दिसते, आकार तोच दिसतो, आणि एकही साधन तक्रार करत नाही.

मग वेव्ह फाइलींमधील असा मूक बिघाड ओळखायचा कसा?

मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत एक उपाय फार चांगला लागू पडतो. टेपवरून आणलेल्या मैफलीत निखळ शांतता कधीच नसते. गवई थांबले तरी तानपुरा चालू असतो, श्रोत्यांची चुळबुळ असते, आणि काहीच नसले तरी टेपची सूक्ष्म सरसर असते. म्हणून अशा फाइलीच्या मध्येच सलग शून्ये आढळली, तर तिथे काहीतरी पुसले गेले आहे असे जवळपास निश्चित समजावे. शांतता शोधणारा फिल्टर एफएफएमपेगमध्ये आहे. त्याची मर्यादा अतिशय खाली ठेवून पाव सेकंदाहून मोठी प्रत्येक पोकळी टिपून घ्यावी. सुरुवातीच्या व शेवटच्या पोकळ्या सोडून द्याव्यात, कारण त्या बहुधा संपादन करणाऱ्याने मुद्दाम ठेवलेल्या असतात. स्टुडिओत तयार झालेल्या डिजिटल ध्वनिमुद्रणांना ही कसोटी लागू नाही. तिथे दोन ओळींच्या मध्ये खरीखुरी शून्ये असू शकतात.

पोकळीऐवजी मध्येच कर्कश खरखर सुरू होऊन ती शेवटपर्यंत राहत असेल, तर काही बाइट गळून पडल्याने पुढचा सगळा ध्वनी सरकला आहे असे समजावे.

फाइल वाजते, पण पट्टी उतरल्यासारखी वाटते. हीसुद्धा बॅकअपमधूनच आणावी का?

बहुधा गरज नसते. ४८ किलोहर्ट्झवर मुद्रित केलेल्या फाइलीच्या शीर्षभागात (आरंभी असलेल्या माहितीच्या भागात) चुकून ४४.१ लिहिले गेले, तर ती संथ चालते आणि सुमारे दीड अर्धस्वराने, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीने, उतरते. काळी दोनमध्ये गायलेले गाणे काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसते. ध्वनी शाबूत असतो, फक्त शीर्षभागातील एक आकडा दुरुस्त करावा लागतो. अर्थात, टेप मुळातच संथ गतीने वाजवून उतरवलेली असेल तर बॅकअपमधली प्रतही तशीच उतरलेली असणार.

बॅकअपमधील प्रत चांगली आहे, हे कशावरून ठरवावे?

ज्या चाचण्या संग्रहावर केल्या, त्याच बॅकअपवर कराव्यात. बॅकअप रेस्टिक किंवा बॉर्ग यांसारख्या साधनाने घेतला असेल, तर आधी त्या साधनाची संपूर्ण तपासणी चालवावी; रेस्टिकची वरवरची तपासणी केवळ रचना पाहते, साठवलेला मजकूर प्रत्यक्ष वाचण्याचा पर्याय वेगळा द्यावा लागतो, आणि बॉर्गमध्येही मजकूर पूर्णपणे पडताळण्याचा पर्याय वेगळाच आहे. मात्र ही तपासणी बॅकअप साठ्यात झालेला बिघाडच दाखवते. फाइल आधीच बिघडून मग बॅकअपमध्ये गेली असेल, तर ती बिघडलेल्या स्थितीत अत्यंत विश्वासूपणे जपलेली असते.

म्हणून एकाच नव्हे, उपलब्ध असतील तितक्या तारखांच्या प्रती पाहाव्यात. ध्वनीचा चेकसम काढून तारखांनुसार मांडला, तर फाइल कोणत्या दोन तारखांच्या मध्ये बदलली हे स्पष्ट दिसते, आणि त्या बदलाच्या अगोदरची सर्वांत अलीकडची प्रत आपल्याला हवी असते. इथे संपूर्ण फाइलीचा चेकसम उपयोगाचा नाही, कारण टॅगमधले एक अक्षर बदलले तरी तो बदलतो. फ्लॅकमध्ये ध्वनीचा चेकसम आयताच मिळतो, पण तो आरंभी नुसता नोंदलेला असतो. फाइल चाचणीत पास झाली तरच त्यावर विसंबावे. एमपी३ आणि एम४ए फाइलींसाठी एफएफएमपेगकडून केवळ ध्वनिप्रवाहाचा चेकसम काढावा, आणि त्यातून जोडलेले चित्र वगळायला विसरू नये.

जुन्या प्रतीतला ध्वनी आणि आत्ताचे टॅग, असे दोन्ही राखता येते का?

येते, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातील हेच सर्वांत मोलाचे काम आहे. ध्वनी बिघडलेल्या फाइलीतही टॅगचा भाग पुष्कळदा शाबूत असतो, कारण तो फाइलीच्या एका टोकाला असतो आणि आकाराने लहान असतो. फ्लॅकच्या टॅगांसाठीचे मेटाफ्लॅक हे साधन सर्व टॅग साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून देते आणि त्याच फाइलीतून दुसऱ्या प्रतीत भरते; चित्रे मात्र वेगळी काढून वेगळी भरावी लागतात. एमपी३साठी हेच काम टॅग हाताळणाऱ्या कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरमधून, टॅगांचा तक्ता बाहेर काढून करता येते. क्रम असा ठेवावा : बिघडलेल्या फाइलींचे टॅग आधी बाहेर काढावेत, ते उघडून वाचावेत, मग बॅकअपमधली प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये आणावी, तिच्यात टॅग भरावेत आणि ध्वनीचा चेकसम पुन्हा तपासावा.

फक्त टॅग बिघडला असून ध्वनी पास झाला असेल, तर उलट करावे : ध्वनी जागेवरच ठेवून टॅग बॅकअपमधून आणावा.

प्रत्यक्ष एकगठ्ठा अदलाबदल कशी करावी?

यादीवरून करावी, फोल्डरवरून नव्हे. आतापर्यंतच्या तपासण्यांतून प्रत्येक बिघडलेल्या फाइलीसमोर तिच्या चांगल्या प्रतीचा मार्ग लिहिलेला तक्ता तयार झालेला असतो. त्या तक्त्यातील चांगल्या प्रती एका रिकाम्या फोल्डरमध्ये, मूळ फोल्डररचना राखून, उतरवाव्यात. तिथेच सर्व चाचण्या पुन्हा घ्याव्यात. नंतर संग्रहातील बिघडलेल्या फाइली न पुसता दुसऱ्या जागी हलवाव्यात आणि मगच नव्या प्रती त्यांच्या जागी ठेवाव्यात. आधी एकाच फोल्डरवर हे करून पाहावे. शक्य तर अशा फोल्डरवर, ज्यातले गाणे आपल्याला तोंडपाठ आहे.

आरसिंक (फाइलींच्या प्रती एकीकडून दुसरीकडे नेणारे साधन) वापरणाऱ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे साधन आपल्या नेहमीच्या रीतीनुसार फाइलीचा आकार आणि बदलाची वेळ एवढेच पाहते. दोन्ही सारखे असले की फाइल सारखीच आहे असे धरते. डिस्कवर मूकपणे झालेल्या बिघाडात हे दोन्ही बदलत नाहीत. परिणामी बॅकअपमधून फाइल आणायला सांगितले तरी आरसिंक ती वगळते, आणि काम झाले असा आपला समज होतो. अशा वेळी चेकसमने तुलना करण्याचा पर्याय द्यावा, आणि त्याआधी काहीही न लिहिता केवळ काय होईल ते दाखवणारी रंगीत तालीम घ्यावी. याच स्वभावाचा एक फायदाही आहे : मूक बिघाड झालेली फाइल आरसिंकने बॅकअपमध्ये नेलेली नसते, त्यामुळे तिथली प्रत चांगली असण्याची शक्यता बरीच असते.

मराठी नावांच्या काही फाइली दोन्हीकडे असूनही जुळत नाहीत. असे का?

कारण डोळ्यांना सारखे दिसणारे नाव संगणकाला वेगळे दिसते. मराठीत याचा त्रास ‘ऱ’ या अक्षराने होतो. युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय प्रमाणात हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि ‘र’ अधिक नुक्ता असे दोन चिन्हांतही लिहिता येते. अ‍ॅपलची जुनी एचएफएस प्लस ही फाइलपद्धती (डिस्कवर फाइली मांडण्याची रीत) नावे साठवताना ती सुटी करून ठेवत असे, तर विंडोज आणि लिनक्स दिले तसे ठेवतात. त्यातच ‘वाऱ्या’, ‘दऱ्या’ यांसारख्या शब्दांतला अर्धा र काहींनी ‘ऱ’ वापरून टंकलेला असतो, तर काहींनी ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. म्हणजे एकच शब्द तीन प्रकारे. अशा फाइली बॅकअपमधून आणल्या की संग्रहात एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी शेजारी दिसतात.

नुक्त्याचा प्रश्न दोन्हीकडची नावे युनिकोडच्या एकाच प्रमाणरूपात आणून सुटतो. अदृश्य जोडचिन्हाचा प्रश्न त्याने सुटत नाही. ते शोधून बदलावेच लागते. नावांवर विसंबण्यापेक्षा ध्वनीच्या चेकसमवरून जोड्या लावणे अधिक खात्रीचे, पण ते बिघडलेल्या फाइलींना लागू करता येत नाही, म्हणून नावे सुधारण्याला पर्याय नाही.

काही फाइली परत आणताना ‘नाव फार मोठे आहे’ अशी सूचना येते. पूर्वी तर त्याच नावाने होत्या?

विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे, तर लिनक्सच्या एक्सटी४मध्ये ती २५५ बाइटची आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना, मात्रा, हलन्त हे सर्व स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. त्यामुळे लिनक्सवर मराठी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. गायक, राग, बंदिशीचा मुखडा, ठिकाण आणि साल असे सगळे नावात लिहिण्याची सवय असेल, तर ही मर्यादा लवकर येते. ही माहिती टॅगमध्ये ठेवून नाव आखूड करावे.

लांब मैफलींच्या फाइली बॅकअपमध्ये शेवटी तुटलेल्या आढळतात. याचे कारण काय?

आकाराची मर्यादा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या दोन-चॅनेल वेव्ह फाइलीला दर सेकंदाला ५,७६,००० बाइट लागतात. ९० मिनिटांची कॅसेट सुमारे ३.१ गिगाबाइट होते, आणि सुमारे २ तास ४ मिनिटांना वेव्हच्या शीर्षभागातील आकाराचा रकाना भरतो. फॅट३२ या जुन्या फाइलपद्धतीच्या डिस्कवरही नेमकी एवढीच, ४ गिगाबाइटची, मर्यादा आहे. जे तुटते ते मैफलीच्या शेवटचे, म्हणजे बहुतेक वेळा भैरवी. केवळ शीर्षभागातला आकडा चुकलेला असेल तर फाइलीत पुढचा ध्वनी असतो आणि ती कच्चा डेटा म्हणून उघडून तो परत मिळवता येतो; फॅट३२वर तुटलेली असेल तर त्या प्रतीत तो नाहीच. यापुढे अशा मैफली फ्लॅकमध्ये किंवा आरएफ६४ या वेव्हच्या मोठ्या फाइलींसाठीच्या रूपात ठेवाव्यात, आणि डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसवर असावी.

किती वेळ धरावा?

२ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट या गतीने एकदा वाचायला साडेपाच तास लागतात. संग्रहाची तपासणी, बॅकअपची तपासणी, प्रती उतरवणे आणि पुन्हा तपासणे असे धरून दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. जुन्या यूएसबी २ जोडणीवर याच्या तिप्पट वेळ लागतो.

बॅकअपमधलीही प्रत बिघडलेली निघाली तर?

दोन्ही प्रती एकाच जागी बिघडलेल्या असण्याची शक्यता कमी असते. एकीत विलंबित ख्यालात पोकळी असेल आणि दुसरीत द्रुतात, तर दोन्हींतून चांगले तुकडे घेऊन एक पूर्ण फाइल जोडता येते. दोन्ही प्रती एकाच हस्तांतरणातल्या (टेपवरून एकाच वेळी उतरवलेल्या) असतील तर जोड नमुन्यागणिक अचूक बसतो. डिस्कच वाचता येत नसेल, तर तिच्यावर पुन्हा पुन्हा प्रयोग न करता डीडीरेस्क्यू या सदोष डिस्क वाचणाऱ्या साधनाने तिची पूर्ण प्रतिमा (जशीच्या तशी नक्कल) घ्यावी आणि पुढचे काम त्या प्रतिमेवर करावे.

सीडीवरून उतरवलेली गाणी असतील तर सीडी पुन्हा उतरवून अ‍ॅक्युरेटरिप (इतरांनी उतरवलेल्या त्याच सीडींच्या चेकसमांचा साठा) याच्याशी पडताळावी. मैफलींच्या बाबतीत, पूर्वी ज्या स्नेह्यांना किंवा शिष्यांना प्रती दिल्या होत्या त्यांच्याकडे विचारावे. एमपी३ रूपातली का होईना, प्रत मिळाली तर ती घ्यावी, आणि ती कमी दर्जाची आहे हे टॅगमध्ये स्पष्ट लिहावे. मूळ कॅसेट असेल तर ती पुन्हा उतरवावी. हस्तांतरण झाले म्हणून कॅसेटी टाकून देणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगतो की, बुरशी लागलेली कॅसेटही कधीकधी शेवटची चांगली प्रत ठरते.

पुढच्या वेळी बिघाड लवकर कळावा म्हणून काय करावे?

आज सर्व फाइली पास झालेल्या आहेत, तर आजच त्यांच्या शा-२५६ चेकसमची यादी करावी आणि ती संग्रहाबाहेरही ठेवावी. दर तीन महिन्यांनी तपासणी पुरेशी आहे. टॅग बदलले की यादीतील त्या ओळी नव्याने काढाव्यात, नाहीतर खऱ्या बिघाडाची सूचना खोट्या सूचनांत हरवते. ज्या वेव्ह मैफलींना पर्याय नाही, त्यांच्यासोबत पार२ फाइली (बिघाड भरून काढण्यासाठीचा जादा डेटा) ठेवाव्यात. १० टक्के दुरुस्ती-डेटा ठेवला तर साधारण तेवढा बिघाड बॅकअपशिवायही भरून निघतो. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलपद्धती मजकुराचे चेकसम स्वतः ठेवतात; एनटीएफएस, एक्सटी४ आणि अ‍ॅपलची एपीएफएस ते ठेवत नाहीत. मूळ धरून एकूण तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली एक घराबाहेर, हा जुना नियम इथेही लागू आहे, मात्र त्यांतली किमान एक जुन्या आवृत्त्या जपणारी असावी.

बाजूला काढलेल्या बिघडलेल्या फाइली केव्हा पुसाव्यात?

नव्या संग्रहाचा पूर्ण बॅकअप झाल्यावर, तो बॅकअप चाचण्यांत पास झाल्यावर आणि बदललेल्या फाइलींपैकी काही कोणीतरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकल्यावर. ज्या ध्वनिमुद्रणाची एकही पूर्ण प्रत मिळाली नाही, त्याची बिघडलेली फाइल मुळीच पुसू नये. तिच्या नावापुढे ‘अपूर्ण’ असे लिहून, किती मिनिटांपासून किती मिनिटांपर्यंत पोकळी आहे ते टॅगमध्ये नोंदवून, ती संग्रहात तशीच ठेवावी.